सातपूर ते अंजनेरी : गाडीचा भाव आणि गाडीचा खर्च

नाशिकहून त्र्यंबकेश्वराकडे जाणारा रस्ता सातपूरच्या मधून जातो. यात्रेकरूला या रस्त्यावर ब्रह्मगिरीची ओढ असते, कामगाराला सकाळच्या पाळीची घाई असते आणि व्यापाऱ्याच्या मनात त्या दिवशी पोहोचवायच्या मालाचा हिशेब चाललेला असतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली. त्यानंतरच्या काळात नाशिकच्या पश्चिमेचे हे शेतीचे गाव कारखान्यांचे गाव बनले. १९८२ साली नाशिक महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा सातपूरची नगरपालिकाही तिच्यात विलीन झाली. आज गाव, वसाहत आणि शहर यांच्या सीमा एकमेकींत मिसळून गेल्या आहेत.

वाहन या वस्तूचे अंतरंग जाणणारी अशी गावे थोडीच असतील. महिंद्रचा कारखाना येथेच आहे. २००२ साली बाजारात आलेली स्कॉर्पिओ नाशिकमध्येच तयार झाली. सिएटचे टायर येथे बनतात. पूर्वी ‘मायको’ आणि आता ‘बॉश’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कारखान्यात डिझेल इंजिनाचे इंजेक्टर आणि नोझल तयार होतात. या मोठ्या कारखान्यांच्या आधाराने शेकडो लहान कारखाने उभे राहिले. कोणी दांडा कातून देतो, कोणी साचा बनवतो, कोणी केवळ पृष्ठभाग घासून देतो. त्यांना लोखंड, बेअरिंग, तेल, रंग, खोकी आणि हत्यारे पुरवणारे व्यापारीही येथेच स्थिरावले.

अशा व्यापारी घरात एक प्रश्न अलीकडे वारंवार पुढे येतो. धंद्याला चार बरे दिवस आले, मुलगा हाताशी आला, आता दारात एखादी चांगली गाडी असावी असे सर्वांना वाटते. नवी आलिशान गाडी आवाक्याबाहेर असते. मात्र ऑडी क्यू-३, बीएमडब्ल्यू एक्स-१ किंवा मर्सिडीज जीएलए यांसारखी लहान आकाराची आलिशान एसयूव्ही पाच-सहा वर्षे वापरलेली घेतली, तर ती नव्या साध्या गाडीच्या भावात मिळते. मुलगा म्हणतो, “पप्पा, एवढ्याच पैशात केवढी गाडी मिळते आहे!” वडील विचारतात, “मिळते खरी. पण ती सांभाळायला किती लागेल?” सातपूरसारख्या गावात या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधणे अवघड नाही.

मुळात एक गोष्ट ध्यानी घ्यावी. वापराने गाडीचा भाव उतरतो, तिच्या सुट्या भागांचा भाव उतरत नाही. पंचेचाळीस लाखांची गाडी अठरा लाखांत मिळाली, तरी तिचा दिवा, तिचे सस्पेन्शन आणि तिचा गिअरबॉक्स पंचेचाळीस लाखांच्याच गाडीचे राहतात. विमा कंपन्यांच्या कोष्टकात गाडीचे घोषित मूल्य पाचव्या वर्षाच्या अखेरीस मूळ किमतीच्या निम्म्यावर आलेले असते. दुरुस्तीच्या बिलाला मात्र अशी उतरण नसते.

इंजेक्टरचेच उदाहरण पाहावे. डिझेलच्या कॉमन रेल इंजिनात इंधन दीड हजार बारहून अधिक दाबाने नोझलच्या सूक्ष्म छिद्रांतून फवारले जाते. ही छिद्रे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतात आणि आतल्या सुईची बैठक काही मायक्रॉनांच्या अंतराने जुळवलेली असते. सातपूरचा कामगार हे अंतर रोज मोजतो. म्हणूनच भेसळीचे किंवा पाणी शिरलेले डिझेल आणि वेळेवर न बदललेला फिल्टर यांची किंमत त्याला ठाऊक असते. चार हजारांची देखभाल टाळल्याने लाखाचे काम कसे निघते, हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

या वर्गातील गाड्या मुळात कच्च्या नसतात. त्यांची बांधणी भक्कम असते, महामार्गावर त्या स्थिर चालतात आणि सुरक्षिततेची साधनेही त्यांत भरपूर असतात. ऑडीच्या गाड्यांची जुळणी छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा येथे आणि मर्सिडीजच्या गाड्यांची चाकणला होते, त्यामुळे या गाड्या महाराष्ट्राला परक्याही नाहीत. मात्र त्यांचा भरवसा देखभालीच्या नियमावर अवलंबून असतो. क्यू-३ च्या डिझेल गाडीतील दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सचे तेल साधारण साठ हजार किलोमीटरच्या आसपास बदलावे लागते. त्याच इंजिनाचा टायमिंग बेल्ट ठरलेल्या मुदतीत बदलला नाही आणि तो तुटला, तर इंजिनच निकामी होऊ शकते. एक्स-१ च्या पहिल्या पिढीतील काही डिझेल इंजिनांत टायमिंग चेन झिजण्याच्या तक्रारी जगभर नोंदल्या गेल्या. ती साखळी इंजिनाच्या मागच्या, गिअरबॉक्सच्या बाजूला असल्याने साखळीपेक्षा तिथवर पोहोचण्याची मजुरीच अधिक होते. २०१५ च्या डिसेंबरमध्ये फोक्सवॅगन समूहाने धुराच्या चाचणीतील गैरप्रकारानंतर भारतात सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. त्यांत ऑडीच्याही गाड्या होत्या. त्या काळातील गाडी घेताना ही दुरुस्ती झाली आहे का, हे चॅसिस क्रमांकावरून विचारून घ्यावे.

आपला वापर कसा आहे, हेही पाहावे लागते. २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळून जाण्यासाठी गाडी अधूनमधून सलग आणि वेगाने चालावी लागते. ज्याची रोजची धाव घर ते सातपूरचे दुकान एवढीच पाच-सात किलोमीटरची आहे, त्याच्या गाडीत हा फिल्टर तुंबण्याचा संभव अधिक. अशा घराने पेट्रोल गाडीचा विचार करावा. आठवड्याला मुंबई किंवा पुण्याची फेरी असणाऱ्याला डिझेल शोभते.

आता वहीवर एक हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल धरलेले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालावेत. गाडी अठरा लाखांना घेतली, वर्षाला बारा हजार किलोमीटर चालवली आणि तीन वर्षांनी अकरा लाखांना विकली असे समजू. लिटरला बारा किलोमीटर आणि डिझेल नव्वद रुपये धरले, तर इंधनाचे वर्षाला ९०,००० रुपये होतात. विमा व नेहमीची सर्व्हिसिंग यांचे १,००,००० धरू. अचानक निघणाऱ्या कामासाठी खरेदीच्या दहाव्या भागाइतके, म्हणजे १,८०,००० रुपये, बाजूला ठेवू. अठरा लाख धंद्यात राहिले असते तर नऊ टक्क्यांनी १,६२,००० रुपये मिळाले असते. विक्रीतील घट वर्षाला सुमारे २,३३,००० रुपये. बेरीज ७,६५,००० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे चौसष्ट हजार आणि दर किलोमीटरला सुमारे चौसष्ट रुपये. गाडी पाहताना ज्या इंधनाची सर्वांत जास्त चर्चा होते, ते या बेरजेत सर्वांत लहान ठरते. घट, व्याज आणि राखीव रक्कम या तीन ओळी बहुतेक वेळा लिहिल्याच जात नाहीत.

व्यापाऱ्याने आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. गाडी पेढीच्या नावावर घेतली तर प्राप्तिकरात पंधरा टक्के घसारा मिळतो. पण घरगुती प्रवासी गाडीवरील जीएसटीची वजावट सामान्यतः मिळत नाही. खरेदी झाल्यावर फॉर्म २९ व ३० भरून नाव बदलून घ्यावे. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. विमा आपल्या नावावर करण्यासाठी चौदा दिवसांच्या आत कळवावे. विक्रेत्याचा ‘नो क्लेम बोनस’ गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो.

जुन्या गाडीच्या बाजारातील सर्वांत मोठा धोका यंत्रात नसतो, तो माणसाच्या बोलण्यात असतो. किलोमीटरचा आकडा मागे फिरवणे ही या बाजाराची जुनी खोड आहे. त्यावर उपाय आहेत. अधिकृत सर्व्हिस केंद्रात प्रत्येक भेटीचे किलोमीटर नोंदलेले असतात, ते चॅसिस क्रमांकावरून तपासावेत. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडी २०१९ ची, आकडा अठ्ठावीस हजारांचा आणि चारही टायर २०२२ चे, असे दिसले तर थांबून विचारावे. पेडलचे रबर आणि स्टिअरिंगचे चामडे हेही साक्ष देतात.

श्रावकाला हा विषय नवा नाही. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिक मानोन्मान’ सांगितला आहे. घेताना एक माप आणि देताना दुसरे माप वापरणे म्हणजे व्रताला डाग लावणे. तराजूच्या जागी मीटर आला, म्हणून दोष बदलत नाही. हे व्रत घेणाऱ्याइतकेच विकणाऱ्यालाही लागू आहे. आपली जुनी गाडी देताना तिचा अपघात, तिचे गळणारे तेल आणि तिची अर्धवट राहिलेली दुरुस्ती सांगून टाकणे, हे पेढीच्या पतीला साजेसे आहे. सातपूरच्या कारखान्यात गेज चुकीचे निघाले तर सगळा माल परत येतो. व्यापाऱ्याचा शब्दही तसाच आहे.

चौदा नियम धारणाऱ्या घरांत ‘वाहन’ हा स्वतंत्र नियम आहे. आज किती वाहने वापरायची, हे सकाळीच ठरवायचे असते. परिग्रहाचे परिमाण ठरवताना वस्तूंची संख्या मोजली जाते. तिच्याबरोबर त्या वस्तूंनी मागितलेली चिंताही मोजावी. ज्याला वर्षाची ती बेरीज निर्धास्तपणे पेलते आणि ज्याच्या प्रवासाला ती गाडी खरोखर उपयोगी पडते, त्याने ती जरूर घ्यावी. ज्याला ती घेण्यासाठी मालाच्या खरेदीचे भांडवल मोडावे लागते, त्याच्या दारात ती गाडी उभी राहील, पण दुकानातले फळीवरचे सामान कमी होईल.

सातपूर मागे टाकून रस्ता पुढे जातो. कारखान्यांच्या भिंती संपतात, शेते लागतात आणि डाव्या हाताला अंजनेरीचा डोंगर वर येतो. पायथ्याच्या गावात प्राचीन मंदिरांचे भग्नावशेष आहेत आणि त्यांत जैन मंदिरेही आहेत. तेथील बाराव्या शतकातील शिलालेखात यादव राजा सेउणदेवाच्या काळातील एक दान नोंदले आहे. भगवान चंद्रप्रभांच्या मंदिराला दुकाने दिली गेली, त्यांच्या उत्पन्नावर मंदिराचे चालावे म्हणून. त्या दानात व्यापाऱ्यांचाही वाटा होता.

मंदिर उभे करणे हा एकदाचा खर्च असतो. दिवा, पूजा आणि डागडुजी यांचा खर्च रोजचा असतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची सोय वेगळी करावी लागते. त्या काळच्या दात्यांनी दुकाने लावून दिली, कारण हा फरक त्यांना ठाऊक होता. त्याच रस्त्याने आज नवी-जुनी वाहने धावत असतात. गाडी घेण्यापूर्वी व्यापारी कुटुंबाने एकदा अंजनेरीला यावे, तीर्थंकरांपुढे हात जोडावेत, आणि परतताना आपल्या वहीत गाडीच्या भावाशेजारी तिच्या पोषणाची सोयही लिहावी.