डाव्या हाताची गिटार

ईदनंतर भिशीत माझा नंबर लागला आणि ६० हजार रुपये घरात आले. त्या पैशांवर आधीच तीन जणांची नजर होती. स्वयंपाकघराचं छत गेले दोन पावसाळे गळतंय, ते एक. फ्रीज रात्रभर धडधडतो, ते दुसरं. आणि तिसरी मागणी मोठ्या मुलाची. त्याला इलेक्ट्रिक गिटार हवी होती. तीही दुकानातली नाही, कारागिराकडून मापाने बनवून घेतलेली.

सासूबाईंनी हातातली तसबीह थांबवून विचारलं, "केवढ्याला पडेल?"

"६५ हजार, दादी."

सासूबाईंनी तसबीह पुन्हा सुरू केली.

आम्ही राहतो अंबरनाथला. मुलांचे अब्बू उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात पॉलिशचं काम करतात. लाकडाचे भाव त्यांना तोंडपाठ. ते म्हणाले, "एवढ्यात ड्रेसिंग टेबलासकट डबल बेड होतो. त्यावर निदान झोपता तरी येतं." मुलगा काही बोलला नाही, उठून गॅलरीत गेला. हा मुलगा भांडत नाही, हीच त्याच्याशी वागण्यातली अडचण आहे.

वाद्याबद्दल आपल्या घरांमध्ये एकमत नाही, हे मी वाचकांना सांगायला नको. मी आलिमा नाही, फतवे देणं माझं काम नाही. माझं माहेर मिरजेचं. सतारमेकर गल्लीजवळ लहानाची मोठी झाले. जोहरची अजान झाली की हातातला रंधा ठेवून मशिदीत जाणारी आणि परत येऊन तंबोऱ्याच्या तारा लावणारी माणसं मी रोज पाहिली. सासूबाईंच्या माहेरी मात्र घरात रेडिओसुद्धा नव्हता. आमच्या घरात या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात, कधी बोलून, कधी न बोलून. मुलगा गिटार वाजवू लागला तेव्हाच ठरलं होतं, की अजान आणि नमाजच्या वेळी ॲम्प्लिफायर बंद, आणि अभ्यास बुडाला तर गिटारही बंद. त्याने ते पाळलं. तेव्हा आताचा प्रश्न वाजवावं की नाही हा नव्हता, एवढा खर्च करावा का हा होता. फजूलखर्चीबद्दल तर घरात कुणाचंच दुमत नाही.

आता बनवूनच का घ्यायची, ते सांगते. मुलगा डावखुरा आहे. चार वर्षांचा असताना तो डाव्या हाताने घास घ्यायचा, तेव्हा मी त्या हाताला रुमाल बांधून ठेवायची. "बिस्मिल्लाह म्हण, उजव्या हाताने खा." ते बरोबरच होतं, आजही वाटतं. पण मी तिथे थांबले नाही. पेन्सिल डाव्या हातात दिसली की ती काढून उजव्यात द्यायची. शाळेतल्या बाईही तेच करायच्या, पट्टी हातात घेऊन. पोरगा बिचारा उजव्या हाताने लिहायला शिकला. अक्षर आजही मुंग्या चालल्यासारखं आहे.

चार वर्षांपूर्वी मित्राची जुनी गिटार घरी आली. याने ती उचलली ती उलटीच. मित्राने सरळ करून दिली, याने पुन्हा उलटी धरली. मी दारात उभी राहून पाहत होते. जो हात मी बांधून ठेवला होता, ताल नेमका त्याच हातात होता.

तेव्हापासून तो उजव्या हाताची गिटार उलटी करूनच वाजवतो. त्यात काय त्रास होतो ते मला हळूहळू कळलं. तारांचा क्रम बदलावा लागतो. जाड तारेची खाच जिथे असते तिथे बारीक तार येते आणि ती खडखडते. आवाज कमीजास्त करायची बटणं कोपराखाली येतात, वाजवता वाजवता आपोआप फिरतात. वरच्या पडद्यांपर्यंत बोटं पोहोचावीत म्हणून खालच्या बाजूला जो काप दिलेला असतो, तो उलटा होऊन वर जातो. डाव्या हाताच्या तयार गिटारी मिळतात, पण थोड्या. आम्ही उल्हासनगरला विचारलं, मुंबईलाही जाऊन आलो. दुकानात भिंतभर गिटारी, पण डाव्या हाताची म्हटलं की "मागवून देऊ". हातात घेऊन बघायची सोय नाही, आधी पैसे भरायचे.

मी म्हटलं, "तुमचा तो जिमी हेंड्रिक्स उलटी गिटारच वाजवायचा ना? जगात नाव झालं त्याचं." हे ज्ञान मुलाकडूनच मिळालेलं. तो हसून म्हणाला, "अम्मी, त्याच्या आईला भिशी लागली नसेल."

मे महिन्यात महालक्ष्मी एक्स्प्रेसने मिरजेला गेले, तेव्हा हा विषय डोक्यातच होता. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं गल्लीत अजून कौतुक चालू होतं. हे कारागीर मूळचे शिकलगार, तलवारींना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम आटलं तेव्हा तेच हात सतारीकडे वळले. पुढे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ साली गेल्यावर मीरासाहेब दर्ग्याच्या आवारातच त्यांना दफन केलं. त्यांच्यासारखे गवय्ये गावात असल्यावर कारागिरांना चुका ऐकवायला लांबून कुणी यावं लागत नव्हतं.

भाईजानच्या ओळखीचे एक बुजुर्ग कारागीर आहेत. त्यांच्या पुढ्यात पंढरपूरकडचे वाळलेले भोपळे रचलेले होते. त्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं, "चाचा, ही हौस म्हणायची की गरज?" त्यांनी उत्तर दिलं नाही. कोपऱ्यातले दोन तंबोरे दाखवले. एक मोठा, पुरुषाच्या आवाजाचा. एक लहान, बाईच्या आवाजाचा. म्हणाले, "बाईने मोठ्या तंबोऱ्यावर गायचं ठरवलं तर ती गाईल. पण आयुष्यभर गळा ताणत राहील." मग त्यांनी विचारलं, "कारागीर कोण आहे? जाऊन बघितलंस का त्याला?"

बघितलं नव्हतं. परत आल्यावर पहिल्या रविवारी आम्ही तिघं बदलापूरला गेलो. अब्बूंना मी "भाव तरी कमी करून घ्या" म्हणून नेलं. खरं तर लाकडाच्या बाबतीत त्यांना कुणी फसवू शकत नाही, म्हणून नेलं.

वर्कशॉप म्हणजे पत्र्याची एक शेड. कारागीर तरुण, पूर्वी फर्निचरच करायचा. भिंतीवर कमरेच्या उंचीला एक रेघ होती. २०१९च्या जुलैमध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती, त्या दिवशी शेडमध्ये पाणी तिथपर्यंत चढलं होतं. तेव्हापासून तो लाकूड माळ्यावर ठेवतो. अब्बूंनी माळ्यावरची एक फळी उतरवली, अंगठ्याने दाबली, वास घेतला, बोटाच्या पेराने वाजवली. "महोगनी. सुकलेली आहे," म्हणाले. त्यांच्या तोंडून ही मोठी तारीफ.

मग त्या दोघांचं जे सुरू झालं, त्यात आम्हाला जागाच नव्हती. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, सरकवता येतात. गिटारीचे पट्टीत ठोकलेले. एक पडदा केसभर चुकला तर पट्टी फुकट. तारेच्या लांबीला १७.८१७ने भागायचं, तिथे पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचं, तिथे दुसरा. असं करत गेलं की बारावा बरोबर मध्यावर येतो. तारेखाली जे पिकअप बसतं त्यात चुंबकावर केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. अब्बू सगळं ऐकत होते, मध्येच "डिंक कोणता वापरतोस?" असं काहीतरी विचारत होते.

कारागिराने एक गोष्ट न विचारता सांगितली, म्हणून त्याच्यावर माझा विश्वास बसला. "मावशी, ही गिटार उद्या विकायला काढली तर अर्धे पैसेसुद्धा येणार नाहीत. मापाने बनवलेली, त्यात डाव्या हाताची. घेणारा मिळणार नाही. वाजवणार असेल तरच करा."

मुलगा इतका वेळ गप्प होता. आता त्याने अब्बूंना क्वीन बँडच्या ब्रायन मेची गोष्ट सांगितली. १९६३ मध्ये शाळकरी वयात त्याने आणि त्याच्या वडिलांनी घरीच गिटार बनवायला घेतली. दुकानातली परवडत नव्हती. तिची मान एका जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून काढली. पडद्यांवरच्या खुणांना आईच्या शिंपल्याच्या गुंड्या. तीच गिटार तो पुढे जन्मभर वाजवत आला, आणि त्याच्या बाजूला गाणारा फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला.

अब्बूंना फ्रेडी मर्क्युरीशी घेणं नव्हतं. ते "जुनं लाकूड" या शब्दावर अडकले. त्यांच्या दुकानाच्या मागे एका मोडलेल्या पलंगाची शिसवी पट्टी कित्येक वर्षं पडून आहे, शेठने कधीच "ने" म्हटलेलं. पडद्यांची पट्टी शिसवीची चालते का? कारागीर म्हणाला, चालते, सरळ आणि सुकी असेल तर उत्तमच. मग अब्बूंनी हळूच विचारलं, "आणि पॉलिश मी केलं तर?"

कारागीर जरा घुटमळला. "काका, टेबलासारखा जाड थर नको. पीयू मारा, पण पातळ. आणि शिसवीला पॉलिश नको, नुसतं तेल." बावीस वर्षांच्या कारागिराला हे ऐकवलं म्हणून ते रागावतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "नमुन्याला एक तुकडा दे, करून दाखवतो."

हिशेब ५२ हजारांवर आला. उरलेल्या आठमधून छताला वॉटरप्रूफिंग होईल. फ्रीज धडधडत राहणार. १० हजार मुलगा शिकवण्या घेऊन वर्षभरात मला परत करणार, हे त्यानेच वहीत लिहून सही केली, त्याच मुंग्यांच्या अक्षरात.

२० हजार आगाऊ दिले. कारागिराने कागदावर मुलाचा पंजा ठेवून पेन्सिल फिरवली. मी म्हटलं, "अरे, उजवा कसा घेतोस? तो डावखुरा आहे." तो म्हणाला, "मावशी, डावा हात तारा छेडतो. मान उजव्या हातात येते, म्हणून तिची जाडी उजव्याच्या मापाने."

येताना लोकलमध्ये अब्बू महोगनीचा तुकडा हातात घेऊन बसले होते, अंबरनाथ आलं तरी उठेनात. घरी सासूबाई वाट बघत होत्या. पावती त्यांनी चष्मा लावून वाचली.

"बनायला किती दिवस?"

"चार महिने, दादी."

"म्हणजे सगळा पावसाळा," त्या म्हणाल्या. "त्याला सांग, घाई करू नकोस. लाकूड फुगतं."