बेताच्या खर्चात म्हैसूरचा दसरा

म्हैसूरचा दसरा एकदा पाहावा, ही इच्छा आपल्याकडील कितीतरी घरांत वर्षानुवर्षे बोलून दाखवली जाते आणि बहुधा बोलण्यावरच राहते. याचे कारण उघड आहे. दसऱ्यापाठोपाठ दिवाळी येते. मुलांचे कपडे, सहामाहीची फी, वडीलधाऱ्यांचे औषधपाणी या सर्वांचा मेळ एकाच पगारात घालावयाचा असतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत म्हैसूर हे वर्षातील सर्वांत महाग शहर झालेले असते. एरवी मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडणारी खोली दसऱ्याच्या अखेरच्या तीन दिवसांत परवडेनाशी होते, आणि मिरवणूक बसून पाहण्याच्या प्रवेशपत्रिकेसाठी तर माणशी हजारो रुपये मोजावे लागतात. हे ऐकले की संसारी माणूस हात आखडतो. तथापि, थोडा विचार केल्यास असे दिसून येईल की या उत्सवातील जे महाग आहे ते उत्सवाचे मर्म नव्हे, आणि जे त्याचे मर्म आहे त्याला फारसे मोल पडत नाही.

हे पटण्यासाठी या उत्सवाचा इतिहास थोडक्यात पाहू. विजयनगरच्या सम्राटांचा नवरात्रोत्सव प्रसिद्ध होता. ते वैभव लयास गेल्यावर म्हैसूरच्या राज वडेयर यांनी १६१० साली श्रीरंगपट्टण येथे ती परंपरा पुढे चालू केली. १७९९ मध्ये टिपू सुलतानाचा पाडाव झाल्यावर राजधानी म्हैसूरला आली व उत्सवही तिच्याबरोबर आला. पुढे दीडशेहून अधिक वर्षे विजयादशमीच्या दिवशी सुवर्णाच्या अंबारीत स्वतः महाराज बसत असत. १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि चित्र पालटले. आता अंबारीत चामुंडेश्वरी देवीची मूर्ती विराजमान होते, आणि कर्नाटक शासन हा सोहळा ‘नाडहब्ब’ म्हणजे राज्याचा उत्सव म्हणून साजरा करते. राजाची मिरवणूक असो वा देवीची, ती रस्त्यातून निघते ती रस्त्यावरच्या प्रजेने पाहावी म्हणूनच. खुर्चीत बसून पाहणारे थोडे आणि उभे राहून पाहणारे लक्षावधी, असाच या उत्सवाचा स्वभाव आहे.

आता प्रत्यक्ष बेत कसा आखावा ते पाहू. प्रवासखर्चाचे चार भाग पडतात : गाडीभाडे, निवारा, अन्न आणि दर्शन. यांपैकी गाडीभाडे जवळजवळ ठरलेले असते. अन्नाचा खर्च म्हैसुरात माफक असतो. दर्शनाचा खर्च आपल्या निवडीवर अवलंबून असतो. अंदाजपत्रक कोसळते ते निवाऱ्यामुळे. म्हणून पहिला निर्णय घ्यावयाचा तो खोलीचा नव्हे, तर तिथीचा.

नवरात्र आणि दशमी मिळून उत्सवाचे दहा दिवस असतात. गर्दी आणि भाववाढ यांचा कळस अष्टमीपासून दशमीपर्यंत होतो. ज्या कुटुंबाला हात राखून खर्च करावयाचा आहे, त्याने प्रतिपदेपासून पंचमीपर्यंतचे दिवस निवडावेत, असे आम्ही सुचवितो. “मग मिरवणूक हुकली की!” असे आपण म्हणाल. आक्षेप रास्त आहे, परंतु त्याला उत्तरही आहे. मिरवणुकीचे हत्ती अरण्यातील छावण्यांतून कित्येक आठवडे आधीच म्हैसुरात येतात व राजवाड्याच्या आवारात मुक्काम करतात. राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंतच्या सुमारे पाच किलोमीटरच्या मार्गावर त्यांची तालीम चालते. प्रथम त्यांना मोकळेच चालवितात, मग पाठीवर वाळूची पोती लादून वजन हळूहळू वाढवीत नेतात, आणि शेवटी लाकडी अंबारी चढवितात. कारण खरी अंबारी सुमारे ७५० किलो वजनाची असते आणि तेवढा भार घेऊन गर्दीतून शांतपणे चालणे हे हत्तीलाही शिकावेच लागते. तोफांच्या आवाजाने ते बुजू नयेत म्हणून त्याचाही सराव देतात. या तालमीला प्रवेशपत्रिका नसते. म्हैसूरचे रहिवासी दूध आणावयास निघावे तितक्या सहजपणे रस्त्याच्या कडेला उभे राहून ती पाहतात. लहान मुलाला हत्ती जवळून, निवांतपणे आणि फुकट पाहावयाचा असेल, तर दशमीच्या दाटीपेक्षा ही वेळ शतपटीने बरी. फक्त त्या दिवशीची तालमीची वेळ आदल्या दिवशी स्थानिक मंडळींना विचारून घ्यावी.

दुसरी गोष्ट दीपोत्सवाची. जुना लाकडी राजवाडा १८९७ साली एका राजकन्येच्या विवाहप्रसंगी आगीत भस्मसात झाला. त्या जागी हेन्री आयर्विन या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यानुसार आजचा अंबा विलास राजवाडा उभा राहिला व १९१२ साली पूर्ण झाला. सुमारे एक लाख दिव्यांनी तो उजळतो. एरवी हा देखावा रविवारी व सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी थोडा वेळ दिसतो. दसऱ्यात मात्र तो रोज सायंकाळी पाहावयास मिळतो. त्याच प्रांगणात संगीत-नृत्याचे कार्यक्रम होतात व सामान्य श्रोत्यांना ते विनामूल्य ऐकता येतात. शहरातील प्रमुख रस्ते आणि चौकही दिव्यांनी सजविलेले असतात. प्रतिपदेचा दिवा आणि दशमीचा दिवा यांत काही भेद नाही. भेद आहे तो खोलीच्या भाड्यात.

तरीही एखाद्या घरात असे होईल की आजीने आयुष्यभर मनात धरले आहे ते अंबारीतील देवीचे दर्शनच. तेथे काटकसरीचा हिशेब सांगून तिची समजूत घालणे योग्य नव्हे. अशा वेळी इतर सर्व सोडून तो एकच दिवस साधावा. बंगळूर म्हैसूरपासून सुमारे १४० किलोमीटरवर आहे आणि रेल्वेने दोन-तीन तासांचा पल्ला आहे. मुक्काम तेथे नातलगांकडे किंवा साध्या लॉजमध्ये करावा व पहाटेच्या गाडीने म्हैसूर गाठावे. मात्र दोन गोष्टींची खूणगाठ बांधावी. मिरवणुकीच्या मार्गावर, विशेषतः सयाजीराव रस्त्यावर, सकाळपासून जागा धरून बसावे लागते. पाणी, शिदोरी, छत्री आणि बसावयास सतरंजी जवळ हवी. आणि रात्री परतीच्या गाड्यांना अलोट गर्दी असते, म्हणून परतीचे तिकीट आधीच हाती असावे. ज्यांना फार वेळ बसणे किंवा उभे राहणे झेपत नाही, अशा वृद्धांना या गर्दीत नेण्यापूर्वी घरच्या डॉक्टरांचा सल्ला घेणे बरे. बन्नीमंटपावर रात्री होणारे मशालींचे संचलन प्रेक्षणीय असते, परंतु त्यासाठी प्रवेशपत्रिका लागते. एकाच दिवसात दोन्ही साधण्याचा हट्ट धरू नये.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांसाठी दादरहून पुणे, मिरज, बेळगाव, हुबळी या मार्गाने म्हैसूरला जाणारी शरावती एक्सप्रेस सोयीची आहे. ती आठवड्यातून एकदाच सुटते, हे ध्यानात ठेवावे. मुंबई, पुणे व सोलापूर येथील मंडळींना उद्यान एक्सप्रेसने बंगळूरला जाऊन तेथून गाडी बदलता येते. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी खुले होते. पंचांग पाहून तिथी ठरवावी, त्यातून ६० दिवस वजा करावेत आणि तो दिवस भिंतीवरील दिनदर्शिकेत तांबड्या शाईने नोंदवावा. शयनयानाचे तिकीट हाती आले की निम्मी काळजी मिटते, आणि रात्रीच्या प्रवासामुळे एका मुक्कामाचे भाडेही वाचते.

निवाऱ्यासाठी राजवाड्यासमोरचाच रस्ता हवा, असा आग्रह सोडावा. रेल्वे स्थानकावरील विश्रांतिकक्ष, धर्मशाळा आणि मठांच्या यात्रीनिवासातील खोल्या यांची चौकशी तिकिटाबरोबरच करावी. खोली घेताना भाडे एका रात्रीचे की चोवीस तासांचे, आणि उत्सवाचा जादा आकार त्यात धरला आहे की नाही, हे लेखी विचारून घ्यावे.

तीन दिवस व दोन रात्री एवढा अवधी सामान्य कुटुंबाला पुरेसा होतो. पहिल्या दिवशी सकाळी पोहोचून राजवाडा आतून पाहावा. दसऱ्याच्या काळातच रत्नखचित सुवर्णसिंहासन मांडले जाते. परंतु राजघराण्याच्या खासगी विधींमुळे काही दिवशी राजवाडा काही वेळ बंद ठेवतात, म्हणून आधी विचारावे. दुपारी विश्रांती घेऊन संध्याकाळ दिव्यांसाठी राखावी.

दुसऱ्या दिवशी पहाटे शहर बसने चामुंडी टेकडीवर जावे. टेकडीला सुमारे हजार पायऱ्या आहेत. तरुणांनी त्या चढाव्यात. इतरांनी बसने वर जाऊन देवीचे दर्शन घ्यावे. सतराव्या शतकात दोड्ड देवराज वडेयर यांच्या काळी एकाच खडकातून कोरलेला भव्य नंदी वाटेवर आहे, तो चुकवू नये. दुपारी जगनमोहन राजवाड्यातील चित्रसंग्रहालय गाठावे. ते उघडे आहे की नाही, याची मात्र सकाळीच चौकशी करावी. राजा रविवर्म्यांची चित्रे तेथे आहेतच. पण मराठी माणसाने ज्याच्यापुढे क्षणभर अधिक थांबावे असे तेथील चित्र म्हणजे हाताच्या आडोशाने दिवा जपणारी स्त्री. पुष्कळ लोक ते रविवर्म्याचे समजतात. वस्तुतः ते सावंतवाडीस जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी १९४५-४६ च्या सुमारास जलरंगात रंगविले, आणि त्यासाठी त्यांची कन्याच समोर उभी राहिली होती. बाहेर लाख दिव्यांचा राजवाडा पाहिलेल्या डोळ्यांना या एका दिव्याचा मंद प्रकाश निराळेच समाधान देतो. संध्याकाळी दसरा प्रदर्शनात फेरी मारावी. मुले तेथे रमतात. मात्र त्यांच्या हाती किती पैसे द्यावयाचे ते प्रवेशद्वाराबाहेरच ठरवावे.

तिसऱ्या दिवशी आगगाडीने किंवा बसने श्रीरंगपट्टणला जावे. रंगनाथस्वामींचे मंदिर आणि १७८४ साली बांधलेला टिपूचा दरिया दौलत महाल ही दोन स्थळे अर्ध्या दिवसात होतात. १७९२ सालच्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा याच किल्ल्यापर्यंत आल्या होत्या, हे मुलांना सांगितले तर शाळेतील इतिहासाचा धडा त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहील.

जेवणाची चिंता या शहरात नसावी. इडली, लाल चटणी लावलेला मसाला डोसा, भात-सारू यांनी पोट भरते आणि खिसाही शाबूत राहतो. गरम कॉफीची सवय मात्र लागते! म्हैसूरपाक ही या शहराची ख्यातनाम मिठाई, तिचा जन्म येथल्या राजवाड्याच्या मुदपाकखान्यात झाला असे सांगतात. घरी नेण्यासाठी अर्धा किलो घेतला तरी भेट म्हणून शोभतो. देवराज मार्केटमध्ये मोगऱ्याचे गजरे, विड्याची पाने, रसबाळे केळी व हळदीकुंकवाचे रंगीत ढीग पाहत फिरावे. त्या सुगंधाला शुल्क नाही.

खरेदीत मात्र सावध असावे. १९१२ साली स्थापन झालेल्या कारखान्याचे म्हैसूर सिल्क अस्सल असते व त्यामुळे महागही असते. त्या साडीवर तिचा स्वतंत्र क्रमांक असतो, तो पाहून घ्यावा. साडी घ्यावयाची असेल तर ती रक्कम प्रवासखर्चात न धरता वेगळी बाजूला काढून न्यावी. घ्यावयाची नसेल तर दुकानाची पायरी चढू नये. रिक्षावाला आपण होऊन चंदनतेलाच्या “सरकारी” दुकानात नेऊ लागला, तर नम्रपणे नकार द्यावा.

या सहलीसाठी कर्ज मात्र काढू नये. चार दिवसांच्या आनंदाचे हप्ते वर्षभर फेडावे लागले, तर त्या आनंदाची चव उरत नाही. यंदा जमत नसेल तर दरमहा थोडी रक्कम टपाल कार्यालयातील आवर्ती ठेवीत टाकावी आणि पुढील वर्षी जावे. उत्सव चारशे वर्षे चालत आला आहे, तो आपली वाट पाहील.

आणि एक गोष्ट सहज ध्यानी यावी. म्हैसूरची मिरवणूक जेथे संपते त्या बन्नीमंटपाचे नाव ‘बन्नी’ म्हणजे शमी या वृक्षावरून पडले आहे. पांडवांनी अज्ञातवासात आपली शस्त्रे ज्यावर ठेवली, तोच हा वृक्ष. त्याच दिवशी आपल्याकडे सीमोल्लंघन करून आपट्याची पाने ‘सोने’ म्हणून एकमेकांच्या हाती देतात. तिकडे सोन्याची अंबारी झाडाच्या पानांकडे चालत जाते, इकडे पानेच सोने होतात. ज्या संस्कृतीने सण साजरा करण्यासाठी झाडाचे पान पुरेसे मानले, तिच्या उत्सवाला जाताना बेताचा खिसा असल्याची लाज कोणी बाळगू नये. थोडक्या शिदोरीनिशी, परंतु तिथी, तिकीट आणि निवारा यांचा नीट बेत करून आपण जावे, आणि परत आल्यावर शेजाऱ्यांना सोने देताना म्हैसूरच्या चार गोष्टीही सांगाव्यात.