आधी आडवी, मग उभी

ढाणकीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवायला चिनी यावीच लागते असं नाही. पण माझ्या टेबलावर येणाऱ्या बॅटऱ्या, चार्जिंगच्या पट्ट्या, डिस्प्लेची खोकी यांच्यावर तीच लिपी असते, आणि सर्किटच्या कितीतरी आकृत्याही चिनीतच मिळतात. फोनचा कॅमेरा भाषांतर करून देतो. मात्र सोल्डरिंगच्या धुराने काळवंडलेलं बारीक अक्षर पुढ्यात आलं की तोही हात टेकतो.

मग ते अक्षर शोधायचं कसं? मराठी शब्दाचा अर्थ माहीत नसला तरी तो वाचता येतो, कोशात काढता येतो. चिनी अक्षराचा उच्चार ठाऊक नसेल तर हाताशी उरतात फक्त रेघा. फोनच्या चिनी कीबोर्डात त्यासाठीच पाच कळांची सोय आहे. आडवी रेघ 1, उभी 2, डावीकडे उतरणारी 3, ठिपका किंवा उजवीकडे उतरणारी 4, आणि मोडून वळणारी कुठलीही 5. ज्या क्रमाने अक्षर लिहितात त्याच क्रमाने कळा दाबल्या की अक्षर हजर. क्रम बदलला की भलतंच काहीतरी येतं. म्हणून मी गणिताची चौकटीची वही घेतली आणि व्हिडिओ लावून बसलो.

नियम थोडेच आहेत. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. आडवी आणि उभी एकमेकींना छेदत असतील तर आडवी आधी. चौकट असेल तर आधी बाहेरचं, मग आतलं, आणि तळाची रेघ अगदी शेवटी.

हात मात्र देवनागरीत घडलेला. आपण अक्षर पुरं करून मग डोक्यावर रेघ ओढतो. चिनी दहा म्हणजे आपलं अधिकचं चिन्ह. त्यात आडवी आधी येते, तेव्हा बोटं अडखळायची. चौकोनाला आपल्या चार रेघा, त्यांच्या तीनच. डावी उभी, मग वरची आडवी जी पेन न उचलता उजवीकडून खाली वळते, आणि शेवटी तळ. सगळ्यात जास्त वेळ घेतला उजवीकडे उतरणाऱ्या रेघेने. ती हलकी सुरू होते, उतरताना दाब वाढत जातो आणि पायथ्याशी दाबून आडवी निसटते. बॉलपेनने तो फरक उमटेना. कट निबचा पेन घेतल्यावर कुठे जाड-बारीक दिसायला लागलं.

शेताचं अक्षर म्हणजे चौकट आणि आत अधिक: 25121. चिनी मुलं ज्या चौकटीत गिरवतात, तिचं नाव याच अक्षरावरून पडलंय. विजेचं अक्षरही जवळपास तसंच, फक्त मधली उभी रेघ तळ भेदून खाली उतरते, उजवीकडे वळते आणि वर आकडा घेते: 25115. बॅटरीवर हेच अक्षर असतं. फोन घ्यायला आलेल्या एका काकांना दोन्ही काढून दाखवली. सोयाबीन-हळदीला रात्रीचं पाणी देणारा माणूस, म्हणाले, “म्हंजे वावरातून तार भायेर काढली की लाईन झाली म्हन!” त्या दिवसापासून ही दोन अक्षरं मी विसरलो नाही.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये चीनला गेले आणि तिथल्या विद्यार्थ्यांना चिनीत शिकवण्याइतकी भाषा त्यांनी कमावली. त्यांना माणसांशी बोलायचं होतं. माझं काम मुक्या खोक्यांशी, त्यामुळे मला बोलता आजही येत नाही. अक्षर मात्र शोधता येतं.

क्रमाचा खरा उपयोग कळला तो बॅटरीच्या धन टोकाच्या अक्षराने: 12121. वरची आडवी, मधली उभी, तिच्या उजवीकडे छोटी आडवी, डावीकडे छोटी उभी, शेवटी तळ. बरोबर पाच रेघा. म्हणून चीनमध्ये मोजणीला हेच अक्षर वापरतात, आपण चार उभ्या आणि एक तिरपी मारतो तसं. सगळे एकाच क्रमाने लिहितात, त्यामुळे अर्ध्यावर थांबलेलं अक्षरही आकडा सांगतं. आता दुरुस्त झालेल्या फोनची नोंद मी तशीच ठेवतो. दुकानातल्या पोराला चिनी येत नाही, पण संध्याकाळी वही उघडून तो विचारतो, “दोन पूर्ण आणि तीन रेघा, म्हंजे तेरा ना?”