मरियेचा उजवा हात

राफाएलने १५०५-०६च्या सुमारास रंगविलेले गोल्डफिंच पक्ष्याचे चित्र मी फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात पाहिले, तेव्हा आईला जाऊन वर्ष झाले होते. मरियेच्या गुडघ्यांशी टेकलेला बाळ येशू, त्याच्यापुढे चिमुकला पक्षी धरणारा बालयोहान. निखळ सुखाचे दृश्य. पण पक्ष्याची आख्यायिका ठाऊक असली, की ते सुख काळवंडते. ख्रिस्ताच्या मस्तकातील काटा उपसताना रक्ताच्या थेंबाने त्याचे तोंड लाल झाले, असे म्हणतात. बाळ कुरवाळतो आहे, तो स्वतःचाच मृत्यू.

मला खिळवून ठेवले ते मरियेच्या उजव्या हाताने. अशुभाची वर्दी आणणाऱ्या योहानाला तिने दूर लोटलेले नाही. तिचा हात त्याच्या पाठीवर आहे. धाकट्या भावाचे दुखणे बरे होणारे नाही, हे सांगताना अडखळणाऱ्या तरुण डॉक्टरच्या पाठीवरून आईनेही असाच हात फिरविला होता. तेव्हा मला तिचा राग आला होता.

१५४८ मध्ये घर कोसळून या चित्राचे १७ तुकडे झाले. ते जोडले गेले. २००८ मध्ये पुऱ्या झालेल्या जीर्णोद्धारानंतर सांधे सहजी दिसत नाहीत. आईचे सांधे तर मला कधी दिसलेच नव्हते.