बडा तालाब आणि उरलेला ब्रेड

भोपाळला पाहुणा आला की पहिल्याच संध्याकाळी त्याला बडा तालाब दाखवायची तिथे रीत आहे. 'तळं' म्हणायला जीभ रेटत नाही, इतकं ते मोठं. साधारण 31 चौरस किलोमीटर पाणी! परमार राजा भोजाने अकराव्या शतकात बांध घालून ते अडवलं असं मानतात. शेजारच्या छोट्या तालाबासकट 'भोज वेटलँड' म्हणून 2002 साली त्याची रामसर यादीत नोंद झाली. आणि मुख्य म्हणजे शहराच्या मोठ्या भागाला प्यायचं पाणी इथूनच जातं. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

माझा मामा 'भेल'मधून निवृत्त झाला, पिपलानीत राहतो आणि मराठी-हिंदी एकाच वाक्यात बोलतो. दर रविवारी सकाळी शीतलदास की बगिया या घाटावर जायचं, आठवडाभराचा उरलेला ब्रेड आणि पोळ्या मासे-बदकांना घालायच्या, हा त्याचा नेम. नेम मूळचा आजोबांचा. ते गेल्यावर मामाने तो चालू ठेवला, त्यामुळे या विषयावर त्याच्याशी जरा जपूनच बोलावं लागतं. घाटावर असे नेमवाले बरेच भेटतात. कुणी कणकेच्या गोळ्या आणतं, कुणी मुरमुरे, कुणी टोस्ट.

यंदा दिवाळीत माझी सात वर्षांची लेकही बरोबर होती. तिने विचारलं, "मामाआजोबा, बदकांना ब्रेड चालतो का?"

"अगं, खातात की! देख ना."

आम्ही सॉफ्टवेअरवाले 'चालतंय की' या उत्तराला फार घाबरतो. म्हणून त्या चार दिवसांत मी हाच प्रश्न भोपाळभर घेऊन फिरलो.

आधी बदक. या तलावावर हळदी-कुंकू नावाचं रानबदक दिसतं. काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि कपाळाशी दोन लाल ठिपके, म्हणून हे नाव. (इंग्रजी नावात ही मजा नाही.) पाणवनस्पती, बिया, किडे, गोगलगाई हे त्याचं जेवण. वजन किलोभर. ब्रेडची एक स्लाइस 25 ग्रॅमची धरली, तर ती त्याने खाणं म्हणजे 60 किलोच्या माणसाने दीड किलो ब्रेड खाणं. पोट भरतं, पण त्यात हिरवं काही नाही, किडे नाहीत, वर मीठ. ब्रेड विष नाही. इंग्लंडमध्ये तर लोकांनी ब्रेड टाकणं एकदम बंद केल्यावर हंसांची उपासमार होते, अशी तक्रार हंसांच्याच अभ्यासकांनी केली होती. पण तो तिथल्या हिवाळ्याचा प्रश्न. आपल्या तलावात खायला भरपूर आहे.

माशांचं गणित आणखी वेगळं. रोहू-कटला पीठ खातात, पण फेकलेलं सगळं खात नाहीत. उरलेलं तळाशी बसतं, कुजतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं. त्यातून सुटलेल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ फोफावतं. एका घराचा ब्रेड काहीच नाही. पण घाट भरलेला असतो आणि हेच पाणी शुद्ध होऊन नळाला येतं. मामाला मी पुण्याचं काही बोललो नाही, फक्त नळाची आठवण करून दिली. तो गप्प बसला. मामा गप्प बसणं ही आमच्या घरात मोठी घटना असते.

दुसऱ्या दिवशी वनविहारला गेलो. तलावाच्या काठालाच लागून असलेलं हे राष्ट्रीय उद्यान 1983 साली झालं. चितळ, सांबर, नीलगाय मोकळ्या फिरतात आणि वाघ-बिबटे मोठ्या कुंपणात असतात. इथे कुणाला काही खायला घालायची बंदी आहे आणि ती योग्यच आहे. चितळ रवंथ करणारं. त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव गवत-पाला हळूहळू आंबवायला बसलेले असतात. त्यांच्यावर मैदा पडला की तो झपाट्याने आंबतो, आम्ल वाढतं आणि जनावर आजारी पडतं. लग्नाच्या पंगतीतलं उरलेलं गाईपुढे ओततात तेव्हा हेच होतं. गोग्रासाची एक पोळी गाय सहज पचवते, पण अख्ख्या कॉलनीच्या पोळ्या एकाच गाईने खाल्ल्या तर नाही. पिशवीसकट फेकल्या तर प्लॅस्टिकही तिच्याच पोटात. आणि गंमत म्हणजे वानर. ते माकडासारखं दिसलं तरी पोट पाला आंबवणारं, कप्प्याकप्प्यांचं, गाईच्या जवळचं!

वाघाला ब्रेडशी कर्तव्यच नाही. मार्जारकुळाला गोड चव कळत नाही. ज्या जनुकामुळे ती कळते, ते वाघात आणि घरच्या मांजरात निकामी झालंय, हे 2005 मध्ये सिद्ध झालं. कुत्र्याचं उलट. माणसासोबत राहता राहता पिष्टमय अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती त्याच्यात वाढल्या. लांडग्यात दोन, तर काही कुत्र्यांत 30 पर्यंत. गल्लीतल्या मोत्याला पोळी चालते ती अशी. मात्र मनुकांचा बन आणि कांदा-लसणाचा टोस्ट त्याला देऊ नका.

मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो ते अस्वलांपाशी. दरवेशी अस्वल घेऊन दारी यायचा, हे आपल्या आधीच्या पिढीने पाहिलंय. इकडे त्यांना कलंदर म्हणतात. त्यांच्याकडून सोडवलेल्या अस्वलांसाठी वनविहारात 'वाइल्डलाइफ एसओएस' आणि वनखात्याचं केंद्र आहे. जंगलातलं अस्वल वाळवी, मुंग्या, मध, मोहाची फुलं, जांभळं, बोरं खातं. वाळवी ओढून घेता यावी म्हणून त्याला वरचे मधले दोन दात जन्मतःच नसतात. असा जीव दरवेश्याकडे बराचसा रोटीवर जगायचा. वर्षानुवर्षं. 'खातात की' या वाक्याला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नव्हतं. केंद्रात त्यांना आता लापशी आणि फळं मिळतात. मी हे सांगत असताना लेकीने मामाचा हात धरला होता आणि मामा तिच्यापेक्षा लक्ष देऊन ऐकत होता.

परवा मामीचा फोन आला. मामा रविवारी घाटावर जातोच, पण आता मूठभर ज्वारी आणि थोडा ओला मका नेतो, आणि खाणारी बदकं समोर असली तरच टाकतो. उरलेल्या पोळ्यांची फोडणीची पोळी होते, ब्रेडचा उपमा. मामाची तक्रार एवढीच आहे की सोमवारी सकाळी पोह्यांऐवजी हे खावं लागतं.