रेष कोणी ओढायची?

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये होस्टेलच्या मेस-प्रतिनिधीच्या निवडणुकीत मी नऊ मतांनी पडलो. मित्र म्हणाले, "सोड ना यार, मेसची डाळ तशीही बदलणार नव्हती!" पण मला दुःख डाळीचं नव्हतं. मतदानाच्या आठवडाभर आधी खोल्यांचे गट नव्याने पाडले गेले. तळमजल्यावरची आम्ही किनारपट्टीची पोरं तीन गटांत विखुरलो. आणि ते गट पाडले होते मावळत्या प्रतिनिधीने, जो स्वतः पुन्हा उभा होता!

गणपतीच्या सुट्टीत पाचूबंदरला घरी गेलो. पप्पा ओटीवर जाळं शिवत बसले होते. माझं रडगाणं ऐकून हसले. म्हणाले, "तुझ्या खोल्यांचं काय घेऊन बसलास? इथे महापालिकेच्या प्रभागांचा नकाशा लागलाय. आपलं बंदर कुठे पडलंय ते बघ आधी."

बघितलं. वसई-विरार महापालिकेत ११५ नगरसेवक, २९ प्रभाग, बहुतेक प्रभागांत चार-चार जण. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या १२ लाख २२ हजार. भागाकार करा, इंजिनिअर आहात! चारच्या प्रभागात साधारण साडेबेचाळीस हजार माणसं येतात. त्यात आमचं बंदर केवढंसं! रेष मधून गेली तर दोन्हीकडे आम्ही किरकोळ. बाहेरून गेली तर निदान उमेदवाराला जेट्टीपर्यंत यावं तरी लागतं.

ही रेष कोण ओढतं? पूर्वी महाराष्ट्रात हे काम राज्य निवडणूक आयोगाकडे होतं. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा बदलून प्रभागरचनेचा अधिकार राज्य सरकारकडे घेतला. हरकती-सुनावण्या होतात, आयोगाची मान्यताही लागते, पण पेन्सिल आधी सरकारच्या हातात. सत्ता कुठल्याही पक्षाची असो, मला लगेच आमचा मावळता प्रतिनिधी आठवला.

लोकसभा-विधानसभेचं तसं नाही. त्यासाठी परिसीमन आयोग असतो. २००२ च्या आयोगाचे अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग. खासदार-आमदार सोबत बसत, पण त्यांना मताचा अधिकार नव्हता. २००८ च्या त्या नकाशाआधी वसई 'मुंबई उत्तर' मतदारसंघात होती. म्हणजे २००४ साली पप्पांचा खासदार साक्षात गोविंदा! नव्या नकाशात पालघर हा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ झाला आणि नालासोपारा, बोईसर हे विधानसभेचे नवे मतदारसंघ आले. २००९ मध्ये गंमत झाली. पालघर, नालासोपारा, बोईसर बहुजन विकास आघाडीने जिंकले, पण वसई, जिथून हितेंद्र ठाकूर १९९० पासून निवडून येत होते, ती विवेक पंडितांकडे गेली. म्हणजे रेष सगळीच्या सगळी कोणाच्या सोयीची नव्हती.

मग स्वतंत्र आयोग नेमला की प्रश्न मिटला? तसंही नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १४ नागरिकांचा आयोग नेमला : पाच डेमोक्रॅट, पाच रिपब्लिकन, चार दोन्हींपैकी कोणाचेच नाहीत. चांगला चालला. पण २०२५ मध्ये टेक्सासने आपल्या सोयीचा नकाशा केला, तेव्हा कॅलिफोर्नियानेही मतदारांचा कौल घेऊन २०३० पर्यंतच्या काँग्रेसच्या निवडणुकांसाठी आयोगाचा नकाशा बाजूला ठेवला. शेजारी फसवत असेल तर एकट्याने किती दिवस साव राहायचं?

मित्रांनो, आता एक कबुली. सुट्टीहून परतताना लोकलमध्ये वहीवर मी होस्टेलचे 'न्याय्य' गट पाडले. विरारला सुरुवात केली, बोरिवलीपर्यंत चार वेळा खोडले. शेवटी जो नकाशा छान जमला, त्यात मी अकरा मतांनी निवडून येत होतो! तळमजला एकसंध, आणि माझे विरोधक तीन गटांत. मी अप्रामाणिक नव्हतो हो, मला तो खरंच न्याय्य वाटत होता. घोळ तिथेच आहे. खुर्चीवर डोळा असला की हात आपोआप वळतो.

वहीचं ते पान फाडलं. या वर्षी आम्ही अर्ज दिलाय : उभे न राहणारे अंतिम वर्षाचे तिघे गट पाडतील, नकाशा आठवडाभर नोटीस बोर्डावर लागेल, हरकती लेखी घेतल्या जातील आणि एकदा ठरलं की निवडणुकीपर्यंत बदल नाही. आयोग छोटा आहे, पण आयोग आहे.

मी उभा राहणारच. पुन्हा पडेनही कदाचित. पण या वेळी पडलो तर मतांनी पडेन, रेषेने नाही. आणि मग डाळीबद्दल तक्रार करायला मी मोकळा!