चोरांना कोण द्यायचा?

मैत्री अगदी शेवटी का शिकवतात? सत्यनारायण गोएंकांच्या पद्धतीच्या विपश्यना शिबिरात नऊ दिवस माणूस मौनात असतो, आधी श्वास आणि मग अंगावरच्या संवेदना बघत. शेजाऱ्याशी खाणाखुणाही करायच्या नाहीत. दहाव्या दिवशी सगळ्या प्राण्यांचं मंगल चिंतायला, म्हणजेच मैत्री करायला, सांगतात आणि त्याच दिवशी मौनही सुटतं. खडवलीला मातोश्री वृद्धाश्रमाच्या आवारात 'धम्म सरिता' केंद्र आहे. तिथून निघालेला डोंबिवलीकर तासाभराच्या आत कल्याणच्या पुलावर खांद्याला खांदा घासत उभा असतो. सगळ्या प्राण्यांचं भलं चिंतणं तसं सोपं. ते सगळे एकदम अंगावर येत नाहीत. मला हल्ली एकच प्राणी सतावतोय. त्याच्याबद्दल इथे लिहिणार नाही.

पाचव्या शतकातल्या बुद्धघोषाने 'विशुद्धिमग्ग'मध्ये या मैत्रीची एक परीक्षा सांगितली आहे. साधक बसलाय; सोबत त्याचा एक आवडता, एक ना आवडता ना नावडता आणि एक वैरी. चोर येतात. म्हणतात, एक भिक्षू द्या, बळी द्यायचाय. साधकाच्या मनात आलं, 'याला न्या', तर तो नापास. हे कोणालाही कळेल. पण 'मला न्या, या तिघांना सोडा' असं आलं तरी नापास! चौघांपैकी द्यावा असा एकही दिसला नाही, तरच मैत्रीच्या सीमा मोडल्या म्हणायचं.

इथे मी अडकतो. आपल्याकडे 'मला न्या' म्हणणाऱ्याची तसबीर लागते. पातेल्यातली शेवटची भाजी मुलाला वाढून 'मला भूकच नाही' म्हणणारी आई बुद्धघोषाच्या हिशेबी नापास? त्याचं म्हणणं असावं की स्वतःला वजा केलं तरी वजाबाकी ती वजाबाकीच. पटतं, आणि दुसऱ्या क्षणी त्याचा राग येतो. भिक्षूला भाजी वाढावी लागत नाही. शिवाय चोर उभेच आहेत. साधकाला कोणीच देण्याजोगा दिसला नाही, मग पुढे? ग्रंथ ते सांगत नाही. चोरांवरही मैत्री करायची असणारच. पण या चौघांत त्यांची मोजणी नाही.

सकाळची फास्ट गाडी डोंबिवली सोडते तेव्हा दारात हे चौघे असतातच. मी, ट्रेनच्या ग्रुपमधला आवडता, कोणीतरी अनोळखी, आणि दिवा स्टेशनात चढू पाहणारा, ज्याला दारातले सगळे वैरी समजतात. 'आत जागा नाही' हे वाक्य दारातला माणूस किती सहज म्हणतो. तोच मागच्या स्टेशनात फलाटावर उभा राहून नेमकं उलट ओरडत होता. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ एकमेकींना ओलांडणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतून माणसं खाली पडली, काही गेली. तिथे कोणी कोणाला दिलं नव्हतं. चोर कोण, हे मात्र दारातल्या कोणालाच विचारायला सवड नसते, मलाही नाही.

पण मला सांगायचं होतं ते धर्मानंद कोसंबींविषयी. गोव्यातल्या साखवाळचा हा माणूस 1899 मध्ये बायको आणि तान्ही मुलगी मागे ठेवून बाहेर पडला. पुणे, काशी, नेपाळ करत 1902 मध्ये श्रीलंकेला पोचला आणि तिथे त्याने दीक्षा घेतली. मराठीत बुद्ध आणला तो मोठ्या प्रमाणावर त्यांनी. 'समाधिमार्ग' हे ध्यानावरचं पुस्तकही त्यांचंच. चोर घरी आले तेव्हा त्यांनी 'हिला न्या' म्हटलं का? असं लिहिताना मला माझाच आगाऊपणा वाटतो, कारण ते पुढे संसारात परतलेही; 1907 मध्ये मुलगा दामोदर जन्मला. आणि ते गेले नसते तर मला हा चोरांचा प्रश्न तरी कोणी मराठीत वाचायला दिला असता? पण मुलीची ती मधली वर्षं कोणाच्या खाती मांडायची, ते सुचत नाही. 1947 च्या जूनमध्ये, सेवाग्रामला, त्यांनी अन्न सोडून देह ठेवला. म्हणजे शेवटी 'मला न्या'. की ते बळी देणं नव्हतंच, नुसतं उठून जाणं होतं? आधी मला या दोन्हींतला फरक ठाऊक आहे असं वाटायचं.

'विशुद्धिमग्ग'ची हार्वर्डची प्रत हेन्री वॉरन अपुरी टाकून 1899 मध्येच वारले होते. ती कोसंबींनी पुरी केली. चोरांची परीक्षाही त्यात आहे. पुस्तक 1950 मध्ये बाहेर आलं. कोसंबींना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.